पुण्याले प्रॉम्प्टर असते का?

आमच्या भागात कुठल्याही वादाचा निकाल पुण्याला लागतो. पुण्याला त्याची कल्पना नसते, हा भाग वेगळा. पोराने बारावीनंतर काय करावं, वरणात गूळ टाकावा की नाही, यावर दोन माणसं तासभर तावातावाने बोलत असतात. मग पानठेल्यावरचा तिसरा माणूस पिचकारी टाकून म्हणतो, "पुण्याले असं नसते." संपलं. त्यानंतर बोलायचं ते फक्त अडाण्यांनी. हे सांगणारा माणूस पुण्याला गेलेला असतोच असं नाही. बहुधा नसतोच. गेलेला माणूस इतक्या खात्रीने बोलू शकत नाही.

मी वडशाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. सर्वोच्च न्यायालय दिल्लीला आहे असं मुलांना सांगतो, कारण परीक्षेत तसं विचारतात.

तर असाच एक खटला आमच्या गावच्या नाट्यमंडळात उभा राहिला आणि दिवाळीच्या सुट्टीत मला माझा मित्र मुखरू नाकाडे याच्यासोबत पुण्याची सहल करावी लागली. लोक पुण्याला जाऊन किल्ले पाहतात, वाडे पाहतात, निदान साड्या तरी पाहतात. आम्ही पुण्याच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो की नसतो, ते पाहायला गेलो.

ज्यांनी आमच्या झाडीपट्टीतलं नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. ते रात्री जेवणं उरकल्यावर सुरू होतं आणि कोंबडा आरवला तरी बापाचा जीव गेलेला नसतो. एवढं मोठं नाटक पाठ करायला नटांना वेळ कुठला? धान कापायचं असतं. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो. एका हातात वही, एका हातात बॅटरी. प्रत्येक वाक्य तो नटाच्या क्षणभर आधी म्हणतो. आवाज असा लागतो की तबला, ऑर्गन, जनरेटर आणि समोर रडणारं पोर या सगळ्यांना चुकवून तो नटाच्या कानात शिरला पाहिजे. आता एवढा निघालेला आवाज नटाच्या कानाशी येऊन थांबत नाही, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्यामुळे आमच्याकडे एकाच तिकिटात प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळतं. आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

मुखरू आमच्या गावचा प्रॉम्प्टर. मी आणि तो दहावीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी शिकलो आणि तो शहाणा झाला. मी प्राध्यापक झालो त्या दिवसापासून तो मला 'सर' म्हणतो. त्याआधी जे म्हणायचा त्यात प्रेम जास्त होतं, पण ते लिहिता येत नाही. मिसरूड फुटल्यापासून तो विंगेत उभा आहे आणि त्याची पद्धत ठरलेली आहे : पहिल्यांदा हळू, नटाने उचललं नाही तर मोठ्याने, तरीही नाही तर पूर्ण गळा काढून. तिसऱ्यांदाही न उचलणारा नट आमच्या गावात अजून जन्मला नाही.

भानगड झाली ती मोबाईलमुळे. आमच्या नाटकाचा सध्याचा हिरो आदेश. त्याचं वडशाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि केस कोंबड्याच्या तुऱ्याच्या रंगाचे आहेत. मुलगा गुणी आहे. मागच्या वर्षी त्याने आपला मरणाचा प्रवेश कोणाकडून तरी चित्रित करून घेतला आणि जगापुढे टाकला. जगाने तो पाहिला आणि खाली लिहिलं, 'मरणाऱ्याचं जाऊ द्या, मागून बोलणारा कोण आहे? आवाज छान आहे.'

माणूस मरण सहन करतो, पण स्वतःच्या मरणात दुसऱ्याचं कौतुक सहन करत नाही. यंदाच्या बैठकीत आदेश उभा राहिला. म्हणाला, "मुखरूभाऊ, तुमचा अपमान नाई करून राह्यलो. पन पुण्याले प्रॉम्प्टर नसते. नट एकटा उभा राह्यते उजेडात."

"तुनं पायला का?" मुखरूने विचारलं.

"मोबाईलमधी पायला."

"मोबाईलमधी थो दिसनच कसा? प्रॉम्प्टर लपूनच राह्यते."

मंडळात दोन तट पडून भांडण झालं आणि शेवटी असं ठरलं की मुखरूने पुण्याला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. तिथे प्रॉम्प्टर असेल तर इथेही राहील. नसेल तर यंदापासून सगळ्यांनी पाठ करायचं आणि मुखरूभाऊला मंडळाचे 'मार्गदर्शक' करून त्यांचा फोटो जाहिरातीवर छापायचा. आपल्याकडे माणसाला कामावरून काढायचं असलं की त्याचा फोटो छापतात. साक्षीदार म्हणून शिकलेला माणूस सोबत हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला आहे याची गावाला वर्षातून एवढी एकदाच आठवण होते, त्यामुळे मला नाही म्हणवेना.

घरी परतताना मुखरूने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "सर, धान तं गावात समदेच लावतेत. हे एकच हाये जे मलेच येते."

मी म्हटलं, पुण्यात प्रॉम्प्टर असणारच, एवढी मोठमोठी नाटकं काय कोणी पाठ करतं? मला याबद्दल काहीही माहीत नव्हतं. पण मी राज्यशास्त्राचा माणूस आहे, आश्वासन देण्यासाठी माहिती लागते असं आमच्या विषयात कुठेही लिहिलेलं नाही.

योगायोग असा की आमचं मंडळ दर तीन-चार वर्षांनी जे जुनं नाटक करतं आणि यंदाही करणार होतं ते 'उंबरठ्यावरचा बाप', नेमकं तेच पुण्यात नव्याने रंगमंचावर आलं होतं, आणि एका थोर नटाने त्यात बाप उभा केला होता. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना एकदा त्रास दिला तो पुरे. माझा भाचा प्रफुल पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने मोबाईलवर तिकिटं काढली, गाडीचंही आरक्षण केलं. आता फक्त निघायचं बाकी होतं. म्हणजे सगळंच बाकी होतं.

कारण मला मुख्यालय सोडण्याची परवानगी नव्हती. सुट्टी असली तरी माझं नाव निवडणुकीच्या कामाच्या यादीत होतं. कोणती निवडणूक हे अजून ठरायचं होतं. मी अर्जात प्रामाणिकपणे 'नाटक पाहणे' असं कारण लिहिलं. प्राचार्य म्हणाले, असं कारण वर पाठवता येत नाही. मी 'सांस्कृतिक अभ्यास' सुचवलं. ते म्हणाले, त्याला मग संचालकांची मंजुरी लागते आणि नंतर अहवाल द्यावा लागतो. "वैद्यकीय लिहा," ते म्हणाले. "वैद्यकीयला कोणी काही विचारत नाही."

कार्यालयात कोणी विचारलं नाही हे खरं आहे. बाकी सगळ्या वडशाने विचारलं.

अर्ज सकाळी दिला आणि संध्याकाळी मागच्या घरच्या गिरजाबाई अर्जुनाच्या सालीचा काढा घेऊन हजर. छातीसाठी चांगला असतो म्हणे. मी म्हटलं, माझ्या छातीला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, होण्याच्या आधीच घ्यावा लागते. शेजारचे खुशालभाऊ निवृत्त वनपाल. नोकरीभर झाडांची मोजणी केल्यामुळे माणसांबद्दलही ते त्याच खात्रीने बोलतात. त्यांनी मला अंगणात उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायपास करू नोका, आजकाल नसेत छल्ला टाकून देतेत, असा सल्ला दिला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी नाटक पाहायला चाललो आहे. त्यांनी डोळा मारला. "बरोबर हाये सर. लोकायले असंच सांगा."

सरिताने, म्हणजे माझ्या पत्नीने, येईल त्याला 'ह्यांना काहीही झालेलं नाही' असं सांगण्याचा सपाटा लावला. पण ती ते इतक्या थकलेल्या चेहऱ्याने सांगे की बायका तिचा हात हातात घेऊन बसत. निघायच्या दिवशी स्टेशनवर मला निरोप द्यायला जेवढी माणसं आली तेवढी माझ्या लग्नात नव्हती. एकाने मला माझ्या बॅगेला हात लावू दिला नाही. दुसऱ्याने कानात सांगितलं की घराची काळजी करू नका. मला खरोखरच छातीत थोडं दुखायला लागलं.

मुखरू आला तो नव्या तांदळाचं चुंगडं, त्याच्या बायकोने, गुणाबाईंनी, दिलेल्या करंज्यांचा डबा, वळकटी केलेली चादर आणि खिशात बॅटरी घेऊन. चादर कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, नाटक पाहायला बिना चादरीचं कोन जाते?

आता एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. खेळ साडेबाराचा आहे एवढंच बोललो होतो, आणि तो त्यावर खूश होता, कारण आमच्याकडे नाटक रंगात येतं ते त्याच सुमाराला. ते दुपारचे साडेबारा आहेत हे मी त्याला गोंदियाला पुण्याची गाडी पकडून बसल्यावर सांगितलं. नागपूर गेलं, वर्धा आलं. वर्ध्याला चहा घेताना म्हणाला, "दिवसाढवळ्या? मंग रडन कोन?"

पुण्याबद्दल जे विनोद सांगतात ते मी सांगणार नाही. पुणेकर ते माझ्यापेक्षा चांगले सांगतात. प्रफुलचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि खाली एक फाटक आहे. तिथल्या पहारेकऱ्याने मुखरूच्या खांद्यावरचं चुंगडं पाहिलं आणि आम्ही कुठल्या कंपनीकडून आलो ते विचारलं. मी म्हटलं, मी प्राध्यापक आहे. त्याने मोबाईलमध्ये शोधलं. त्यात दूध होतं, कुरिअर होतं, जेवण पोचवणारा होता, प्लंबर होता, पाहुणा होता. प्राध्यापक नव्हता. शेवटी त्याने मुखरूला पाहुण्यात घातलं आणि मला, माझ्या हातात डबा होता म्हणून, जेवण पोचवणाऱ्यांत. त्यामुळे मुखरू आरशाच्या लिफ्टने वर गेला आणि मी सामानाच्या. वर प्रफुलची बायको रिना पाया पडली, ती आधी मुखरूच्या. मी अजून पोचायचा होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेच्या बरंच आधी नाट्यगृहावर गेलो. बैल विकत घ्यायच्या आधी त्याच्याभोवती फिरतात तसा मुखरू त्या इमारतीभोवती फिरला. मागच्या दाराशी त्याने तिथल्या माणसाला सांगितलं, प्रॉम्प्टरले भेटाचं हाये. त्या माणसाने कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाला, ह्या नावाचं कोणी नाही इथे, कंत्राटदाराकडे विचारा. मुखरूने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. लपवून राह्यले, तो म्हणाला.

चादर दारातच काढून घेतली. कुठल्या नियमाने, असं मी विचारलं, तर नाट्यगृहात अंथरूण आणायचा नियमच नाही असं उत्तर मिळालं. आत गेलो तर माघ महिन्यासारखं थंड. मुखरू दात वाजवत म्हणाला, चादर काढून घेतली आन् आता हवा सोडून राह्यले. मला ते व्यवस्थापनाचं धोरण म्हणून पटण्यासारखं वाटलं.

पडदा उघडला. नाटक सुरू झालं आणि सुरू झाल्याबरोबर मुखरूचे ओठ सुरू झाले. आवाज नव्हता, फक्त ओठ. नटी बोलण्याच्या क्षणभर आधी त्याचे ओठ ते वाक्य बोलून मोकळे होत. मी रंगमंचाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहत होतो. थोड्या वेळाने त्याने खिशातून बॅटरी काढली आणि उजव्या विंगेत झोत टाकला. मग डाव्या. डाव्या विंगेत एक मुलगी पाणी पीत उभी होती, ती दचकली. लगेच एक कर्मचारी वाकून आला आणि मोबाईल बंद करा म्हणाला.

"मोबाईल नाई, ब्याटरी हाये," मुखरूने त्याची समजूत घातली. बॅटरीही गेली.

इथपर्यंत सगळं सहन करण्यासारखं होतं. मग तो प्रवेश आला.

ज्यांनी हे नाटक पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो : पंधरा वर्षांनी तुरुंगातून सुटलेला बाप स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर येतो. दार मुलगा उघडतो. मुलगा ओळखत नाही आणि विचारतो, "कोण तुम्ही?" यावर बाप म्हणतो, "मी? मी या घराचा पत्ता आहे, बाळा." आमच्याकडे या वाक्याला आधी शिट्ट्या पडतात, मग बायका डोळ्याला पदर लावतात, मग गावचा एखादा प्रतिष्ठित माणूस उठून बक्षीस जाहीर करतो आणि ते माईकवरून सांगण्यासाठी बापाला थोडा वेळ उंबरठ्यावरच थांबवतात. या वाक्यावर आमच्या गावात तीन पिढ्या मोठ्या झाल्या.

पुण्याच्या मुलाने दार उघडलं. "कोण तुम्ही?" त्याने विचारलं.

थोर नट काही बोलले नाहीत.

ते मुलाकडे पाहत राहिले. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कमी होत होता. सगळं सभागृह श्वास रोखून होतं. नंतर मला कळलं की नव्या दिग्दर्शकाने ते वाक्यच काढून टाकलं होतं आणि ही शांतता हेच त्याचं उत्तर होतं. वर्तमानपत्रांनी त्या शांततेवर लेख लिहिले होते. मी ते वाचलेले नव्हते. मुखरूनेही नव्हते. त्याला एवढंच दिसत होतं की भर उजेडात एक म्हातारा माणूस एकटा उभा आहे, वाक्य विसरला आहे आणि त्याला कोणी काही सांगत नाही.

मी त्याच्या मांडीवर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता.

"मी या घराचा पत्ता आहे, बाळा," मुखरू म्हणाला. हळू. म्हणजे त्याच्या हिशेबाने हळू.

पुढच्या रांगांमधली डोकी वळली. थोर नटांनी उचललं नाही.

"मी या घराचा पत्ता आहे, बाळा," मुखरू मोठ्याने म्हणाला. बाल्कनीत कोणीतरी हसलं. मी डोळे मिटून घेतले आणि त्याच्यापासून जितकं सरकता येईल तितकं सरकलो. शेजारी एक आजी होत्या. त्यांनी मला ढकलून परत पाठवलं.

तिसऱ्या वेळेचं वर्णन मी करणार नाही. ज्या गळ्याला जनरेटर अडवू शकत नाही तो गळा त्या वातानुकूलित शांततेत पूर्ण निघाला. मुखरू उभा राहिला होता आणि वाक्य उचलण्यासाठी नटाला हाताने इशारा करत होता. "पत्ता!" तो म्हणाला. "पत्ता म्हना!"

थोर नटांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग पडदा पडला.

मध्यंतरात आम्हाला व्यवस्थापकांच्या खोलीत नेलं. माझ्या दंडाला एका माणसाने धरलं होतं. वर्गातून मुलांना बाहेर काढण्याचा मला बराच अनुभव आहे. त्यात मुलांनाही काही वाटत असेल हे मला पहिल्यांदाच सुचलं. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मुखरूला विचारलं, "कोण तुम्ही?"

मुखरू काही बोलला नाही. तो त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. आणि खरं सांगतो, त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं.

शेवटी मी बोललो. आम्ही कुठले, नाटकाची आमच्याकडे काय परंपरा आहे, प्रॉम्प्टर म्हणजे काय, मंडळात वाद काय झाला, सगळं. मी तास घेण्याच्या सुरात सांगत होतो आणि व्यवस्थापक विद्यार्थ्याच्या चेहऱ्याने ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. तेवढ्यात दारात थोर नट येऊन उभे राहिले. गालावर रंग, अंगात कैद्याचा सदरा, हातात चहाचा कागदी कप.

"मघाशी बोलले ते हेच का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. माफ करा म्हटलं. दोनदा म्हटलं.

"त्या शांततेवर मी खूप मेहनत घेतलीय," ते मुखरूला म्हणाले. रागावून नव्हे, पण हसून तर अजिबात नव्हे. "खूप."

मुखरूने हात जोडले. मग ज्यासाठी एवढा लांब आला होता ते त्याने विचारलं. "सायेब, एक इचारू का? तुमचा प्रॉम्प्टर कुठी बसते?"

"आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो."

"मंग इसरलं तं?"

थोर नटांनी कपातला चहा पाहिला. "इसरलं तर मरायचं," ते म्हणाले. "एकदा विसरलो होतो. भर प्रयोगात. त्या दिवशी मेलोच होतो."

"आमच्याइथी मरू नाई देत," मुखरू म्हणाला.

घंटा झाली. थोर नट निघाले, दारात थांबले आणि व्यवस्थापकांना म्हणाले की या दोघांना पुढचा भाग पाहू द्या. फक्त ह्या गृहस्थांच्या तोंडाचा काहीतरी बंदोबस्त करा.

म्हणून नाटकाचा उत्तरार्ध मुखरूने स्वतःचाच दुपट्टा तोंडाला घट्ट बांधून पाहिला. गाठ मी मारली. दुपट्ट्याखाली ओठ चालूच होते, कापड वर-खाली होताना दिसत होतं. शेजारच्या आजी घाबरून दोन खुर्च्या पलीकडे गेल्या. बाप मेला तेव्हा दिवसाचे तीनही वाजले नव्हते, आणि मुखरूचा दुपट्टा वरच्या बाजूने ओला झाला होता.

पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले. मुखरू बसून राहिला. मी गाठ सोडली. त्याने विचारलं, बाकीचं कधी आहे? मी म्हटलं, संपलं. त्याला पटेना. गाणी कुठे गेली, पोराच्या पश्चात्तापाचा प्रवेश कुठे गेला, एवढ्या पैशात एवढंच? दारातल्या माणसाने चादर आणि बॅटरी परत दिली. मुखरूने चादर तिथेच पांघरली आणि आम्ही भर उन्हात बाहेर पडलो.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. रिनाने बांधून दिलेल्या पोळ्या तशाच होत्या. मनमाड गेल्यावर म्हणाला, "नाई हाये सर. दोनी विंगात पायलो. खरंच नाई हाये." मी म्हटलं, एका नाटकावरून काय ठरतं. तो म्हणाला, "म्हातारा मानूस उभा होता एकटा आन् कोनी नोव्हतं. मंग नाईच. पोट्ट्यायले खरं ते सांगून टाकू." आणि थोड्या वेळाने, फोटोसाठी नवा सदरा शिवावा लागेल का, असं त्याने विचारलं. मी पोळ्या सोडल्या आणि एक त्याच्या हातात दिली.

वडशाला उतरलो तर खुशालभाऊ स्टेशनवर. एवढ्या लवकर सोडलं म्हणजे छल्ल्यावरच भागलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मला जिना चढू दिला नाही. माझ्या प्रकृतीची माहिती गावाला माझ्या आधी पोचली होती. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत मला एकट्याला खुर्ची मिळाली. बाकी सगळे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले होते. मुखरू माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर, मान खाली, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत.

आदेश उभा राहिला. तोही मुखरूकडे पाहत नव्हता. "सर, तुमी शिकलेले आहात," तो म्हणाला. "तुमीच सांगा. पुण्याले प्रॉम्प्टर होता का नोव्हता?"

काय सांगायचं ते गाडीत ठरलं होतं. मी उभा राहिलो. मला खाली बसवण्यासाठी दोघेजण धावले, त्यांना मी थांबवलं. इतकी वर्षं वर्गात उभा राहून मी बरंच काही बोललो आहे, त्यातलं खरं किती हे मला नीट माहीत नाही. त्या वेळी मात्र अक्षरशः खरं तेच बोलायचं असं मी ठरवलं.

"होता," मी म्हटलं.

ओट्यावर कुजबुज झाली. मुखरूने मान वर केली.

"डोळ्यानं पायला?" आदेशने विचारलं.

"डोळ्यांनी पाहिला. कानांनी ऐकला. शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांनी ऐकला."

"विंगेत होता?"

"नाही. लोकांतच बसला होता. तिसऱ्या रांगेत."

आणि माझ्या खुर्चीच्या बाजूने, खालून, हळू, पण ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून बसेल अशा आवाजात आलं, "चवथ्या."

मी गोंधळलो. मी उचललं नाही, म्हणून ते पुन्हा आलं, यावेळी मोठ्याने. "चवथ्या रांगेत."

"चवथ्या रांगेत," मी म्हटलं.

आधी मागचे हसले, मग मधले. मुखरूने जीभ चावली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण जे निघून गेलं ते गेलं. आदेश आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याला सगळं कळलं होतं. त्याचे ते लाल केस, ती कंबरेवर ठेवलेली हाताची मूठ. तो हसला नाही. मुखरूसमोर जाऊन उकिडवा बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "यंदा मी पाठ करतो. पन तुमी उभे राह्यजा. इसरलो तं सांगजा. थोडं हळू सांगजा."

"हळूच तं सांगतो," मुखरू म्हणाला. ते पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं.